चढावरचा गचका

पिकअप चौथ्यांदा वर्कशॉपच्या दारात येऊन थांबली तेव्हा वहिनी पाने पुसत होत्या. आठचा, दहाचा, बाराचा, चौदाचा, असे ते भिंतीवर रांगेने टांगलेले असतात आणि बाराच्या खिळ्यावर चुकून तेराचा लागला तर वहिनींना घास गोड लागत नाही. गाडीचा आवाज त्यांनी ओळखला. मान वर केली नाही.

पलीकडचं दार आधी उघडलं. काचवाल्याची बायको उतरली. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज.

"सात टाके," ती म्हणाली. कशा आहात नाही, काही नाही. "मोजायचे तर मोजा."

वहिनींच्या हातातला पाना पुसून चकचकीत झाला होता. त्या तोच परत पुसायला लागल्या.

मागून काचवाला उतरला. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्यांच्या काचा कारखान्यातून उचलायच्या आणि न फोडता पोचवायच्या, हा दोघांचा धंदा. पिकअपच्या हौद्यात लाकडी चौकट आहे. तीत काचा उभ्या राहतात आणि त्यांच्याशेजारी फळीवर, चामड्याचे हातमोजे घालून, बायको बसते. मोठी काच माणसाशिवाय हलवत नाहीत.

"परत तेच, वहिनी," काचवाला म्हणाला. "चढावर गचका. बारातल्या अकरा काचा गेल्या. आणि हिचा हात. हातमोजा संपतो ना, त्याच्या वर काच घुसली."

"केव्हा?"

"तुम्ही गाडी दिलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

वर्कशॉपच्या दाराशी खुर्ची टाकून वहिनींचे सासरे बसले होते. नजर निम्मी गेलेली, मतं पूर्ण शाबूत. काठी आपटत ते म्हणाले, "गाडी खोटं बोलत नाही. गाडीवाला बोलतो. पेट्रोल कुठे भरतोस रे तू?"

"मामंजी, तुम्ही थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. म्हातारा चक्क थांबला.

आख्खा रस्ता त्यांना वहिनी म्हणतो, ते त्यांच्या दिरामुळे. लग्न होऊन आल्या तेव्हा वर्कशॉप सासरे आणि दीर चालवायचे. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि आपल्याला पंक्चरसुद्धा काढता येत नाही हे चारचौघांत मिरवून सांगतो. एकदा डबा द्यायला आलेल्या वहिनींनी एका गाडीच्या उघड्या पोटातला वायरींचा गुंता बघितला आणि त्यांच्याने बघवेना. "हे असंच ठेवणार?" दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच विंचरा ना मग." चेष्टा होती. वहिनी दोन तास बसल्या. उठल्या तेव्हा वायरी पाठीवर सोडलेल्या वेणीसारख्या सरळ आणि त्या गुंत्यात हरवलेला हॉर्नचा बिघाडही सापडलेला. पुढे दीर लांबच्या शहरात नोकरीला गेला, सासऱ्यांचे हात थरथरायला लागले आणि वर्कशॉप वहिनींचं झालं. बावीस वर्षं झाली त्याला. दुसऱ्या वर्कशॉपचे मिस्त्रीसुद्धा बॉनेट उघडून ओळखतात: हे वहिनींचं काम. प्लास्टिकच्या काळ्या टायने दर चार बोटांवर बांधलेलं, टायची उरलेली शेपूट मुळाशी कापलेली, एकही वायर पोट काढून लोंबत नाही.

गाडी मिसिंग मारते म्हणजे काय, तर चार सिलिंडर म्हणजे चार भाऊ आणि त्यातला एक मधूनच काम चुकवतो. तिघं ओढत राहतात, गाडी अडखळते, गचका देते. इथे कामचुकार कोण तेही माहीत होतं. तिसरा. स्कॅनर लावला की दर वेळी तोच नंबर यायचा. कशामुळे, ते स्कॅनर सांगत नव्हता.

पहिल्या खेपेला वहिनींनी चारही प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला प्लगला वीज देणारी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्याला लावली आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. कॉइल खराब असती तर मिसिंग दुसऱ्याकडे गेलं असतं. गेलं नाही. तिसऱ्या खेपेला इंजेक्टर काढून साफ केले, त्यांचीही अदलाबदल केली, सिलिंडरचा दाब मोजला, वायरींना मीटर लावला. सगळं ठीक. प्रत्येक वेळी वर्कशॉपमध्ये आणि सपाट रस्त्यावर गाडी पाण्यासारखी चालायची. म्हणून तिसऱ्या वेळी चावी देताना वहिनी म्हणाल्या होत्या, "दादा, गाडीत दोष नाही. चढावर तुम्ही क्लच अर्धवट सोडता."

काचवाला त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाला होता, "असेल, वहिनी."

तो "असेल" आता वर्कशॉपभर फिरत होता. वहिनींनी पाना टांगला, काढला, परत टांगला.

"उद्या सकाळी नऊला टेकडीवरच्या दवाखान्यात बारा काचा पोचवायच्यात," काचवाला म्हणाला. "मागच्या खेपेला पोचल्या नाहीत त्याच. या वेळी नाही पोचल्या तर काम दुसऱ्याला देतील, तसं स्पष्टच सांगितलंय त्यांनी."

"दुसरी गाडी बघा उद्यापुरती."

"चौकट हिच्यातच ठोकलेली आहे."

"मागे कोण बसणार?"

"मी," बायको म्हणाली. ती एका जुन्या टायरवर बसली होती. "दुसरं कोण आहे? मुलगी आठ वर्षांची आहे आमची. तिला बसवू?"

"एका हाताने धरणार?"

"दुसरा तुमच्या भरवशावर होता."

मामंजी खाकरले. वहिनींनी बॉनेट उघडलं.

पुढचे दोन तास त्यांनी जे केलं त्याला काम म्हणता येणार नाही. प्लग काढला, बघितला, लावला. पेट्रोलचा पाइप हलवून बघितला. हवेच्या नळीवर पाणी शिंपडून कुठे चीर आहे का बघितलं. जे केलेलं होतं तेच परत. मध्येच स्क्रू मोठ्यापासून लहानापर्यंत लावून ठेवले. मध्येच जाऊन हात धुतले आणि लगेच ग्रीसमध्ये घातले. काचवाल्याने गाडी चालू केली, बंद केली, चालू केली. इंजिन गुणी मुलासारखं एका सुरात चालत राहिलं.

"पाहुण्यांसमोर शहाणं," मामंजी म्हणाले. "ए काचवाल्या, तू पाय कुठे ठेवतोस चढावर? दाखव."

"त्यांना काय विचारता?" बायको म्हणाली. "त्यांचं लक्ष पुढे असतं. मागे मी असते."

वहिनी बॉनेटखालून बाहेर आल्या. कपाळाला काळा पट्टा. "काय म्हणालात?"

"काही नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

"आता विचारते, ताई."

"आता होय." तिने बँडेज मांडीवर नीट ठेवलं. वहिनींनी विचारलं याचा तिला आनंद झालेला नव्हता. "चार वेळा आलो आम्ही. चारही वेळा तुम्ही यांनाच विचारलंत. आवाज कसा येतो, धूर कसला येतो, पेट्रोल कसलं. मी इथेच होते. याच टायरवर."

वहिनी टायरपाशी येऊन उभ्या राहिल्या. "सांगा," एवढंच म्हणाल्या.

"चढ लागल्या लागल्या काही होत नाही. अर्ध्या चढापर्यंत गाडी बरी जाते. मग वळण येतं, तिथे हे गिअर खाली टाकतात आणि जोर देतात. तेव्हा. आणि गचक्याच्या आधी एक होतं."

"काय?"

"फळी कलते. मी बसते ती. अख्खी गाडी एका अंगावर झुकल्यासारखी होते, एवढीशी. मग गचका. दर वेळी. काचा एका बाजूला टेकतात ना, मला हाताला कळतं. मग मी श्वास धरते. त्या दिवशी पण धरला होता."

"रिकाम्या गाडीत होतं असं?"

"रिकाम्या गाडीत मी मागे कशाला बसू?"

मामंजींच्या काठीचा ठोका थांबला. "झुकतं," ते स्वतःशीच म्हणाले. "जोर दिला की इंजिन झुकतं. सूनबाई, माउंटिंग बघ."

इंजिन ज्या रबरी उशांवर बसवलेलं असतं ते माउंटिंग. वहिनींनी पहार घालून इंजिन उचकटून बघितलं. एका बाजूचं रबर मऊ पडलं होतं, इंजिन हवं त्यापेक्षा जास्त डोलत होतं. पण डोलणाऱ्या इंजिनाने तिसराच सिलिंडर का चुकवावा? दुसरा का नाही?

"दादा, बसा आत. चाकांना दगड लावते. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक दाबून धरा, पहिला गिअर टाका, आणि क्लच अर्धवट सोडून जोर द्या."

"अर्धवट सोडू?" काचवाला म्हणाला.

"हो."

"मुद्दाम?"

"दादा, हो. मुद्दाम."

तो आत बसला. बॉनेट उघडं, त्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. मामंजींना दिसूनही दिसत नव्हतं. वहिनी बाजूला उभ्या राहून आत वाकल्या. इंजिन घुसमटलं, चढावर असल्यासारखं कण्हायला लागलं आणि एका अंगावर कललं.

आणि ती वायर ताणली गेली.

तिसऱ्या कॉइलची वायर. बाकी तिघी इंजिनावरून इंजिनावरच जात होत्या, इंजिनाबरोबर डोलत होत्या. ही एकटी बाजूच्या पत्र्याला बांधलेली. इंजिन तिकडे गेलं, पत्रा जागच्या जागी राहिला आणि मधली ही वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ झाली. कॉइलच्या तोंडाशी वायर जोडणारा खटका केसभर बाहेर आला. इंजिन अडखळलं. काचवाल्याने पाय काढला, इंजिन सरळ झालं, खटका आत गेला. जणू काही झालंच नाही.

काळा टाय. शेपूट मुळाशी कापलेली.

वहिनींना तो दिवससुद्धा आठवला. आठ महिन्यांपूर्वी या गाडीचं वायरिंगचं आवरण वितळलं होतं, म्हणून सगळं नवं केलं होतं. तिसऱ्याची वायर बोटभर जास्त होती. पोट काढून लोंबत होती. ते पोट त्यांच्याने बघवलं नाही. तिला ओढून, सरळ करून, पत्र्याला बांधून टाकलं होतं. किती छान दिसत होतं. तेव्हा रबर कडक होतं, इंजिन डोलत नव्हतं. रबर मऊ पडत गेलं आणि ते बोटभर कमी पडायला लागलं. मीटर लावला तेव्हा गाडी उभी होती. आणि स्वतः बांधलेल्या वायरीकडे त्यांनी खरं तर मीटर लावण्यापुरतंच बघितलं होतं.

"सापडलं का काही?" मामंजींनी विचारलं.

"नाही. दादा, परत एकदा."

परत इंजिन कललं, परत वायर ताणली, परत अडखळलं.

"आता?"

"परत एकदा."

पक्कड त्यांच्या हातातच होती. एक टाय. चिमटीत धरून दाबला की टक्. दोन सेकंद. कॉइलचा खटका सैल होता, बदलला, असं सांगायचं. खोटंही नाही म्हणता येणार. काचवाला म्हणेल, "असेल, वहिनी." उद्या गाडी चढ चढेल, सगळे खूश. पक्कड टायपाशी गेली. हात परत आला. दुसऱ्या हाताने त्यांनी वायरीचं टोक उगाच सरळ केलं आणि स्वतःचंच बोट बघून तो हात मागे घेतला.

"दादा, गाडी बंद करा," त्या म्हणाल्या. "ताई, इकडे या."

बायको उठून आली. काचवालाही उतरला. वहिनींनी पहारीने इंजिन कलवून दाखवलं. वायर ताणली.

"हे बघा. हा टाय. हा मी बांधलाय."

 रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"वायरीला सैल ठेवायला हवं होतं. मी ओढून बांधली. दिसायला बरं दिसावं म्हणून. दादा, तुमच्या क्लचचा काही संबंध नाही."

"माउंटिंगचं रबर गेलंय," मामंजी मागून घाईघाईने म्हणाले. "ते कधीही जातं. रबराचा दोष आहे तो."

"वायर रबराने बांधली का?" बायकोने विचारलं.

मामंजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

काचवाला वाकून वायरीकडे बघत होता. मग हळूच बायकोला म्हणाला, "म्हणजे माझा क्लच बरोबर होता."

"मी कधी म्हटलं चुकतोय? तुम्हीच म्हणालात असेल, असेल."

"वहिनी म्हणाल्या म्हणून."

"वहिनी म्हणाल्या म्हणून," ती म्हणाली आणि टायकडे वाकली. "केवढासा आहे. आम्ही काच अशी आवळून बांधली ना, तर गाडी सुरू व्हायच्या आधी तडकेल." तिने डावा हात पुढे केला. "द्या ती पक्कड."

"मी काढते, ताई. डाव्या हाताने जमायचं नाही."

"जमेल."

तीन वेळा पक्कड घसरली. वहिनींचे हात आपोआप पुढे गेले आणि त्यांनी ते पाठीमागे बांधून घेतले. चौथ्या वेळी टाय तुटला. वायर सुटून लोंबली, पोट काढून, गबाळी. काचवाल्याने परत आत बसून जोर दिला. इंजिन कललं, वायरीचं पोट थोडं आत गेलं, एवढंच. इंजिन अडखळलं नाही.

"नवं माउंटिंग आणि नवा खटका आजच बसवते," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी गाडी न्या. हातासाठी मी काय..."

"हाताचं काही बोलू नका," बायको म्हणाली. "उद्या मागे तुम्ही बसा."

"काय?" मामंजी म्हणाले.

"काचांशेजारी. वहिनींनी बांधलंय, वहिनींनीच बसायचं. मी पुढे बसते. मला एकदा पुढून चढ बघायचाय."

"आमची सून हौद्यात बसून जाणार नाही," मामंजी काठी टेकत उठले. "वर्कशॉप कोण बघणार? आणि काही झालं तर?"

"तेच तर," बायको म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, "किती वाजता निघायचं?"

पिकअप संध्याकाळी गेली. वहिनी त्यानंतरही बसल्या नाहीत. बेकरीच्या गाडीचं वायरिंग मागच्या वर्षी त्यांनीच केलं होतं. पाण्याच्या टँकरचंही. त्यांनी दोघांना फोन लावला. बेकरीवाला म्हणाला, "पण वहिनी, गाडी एकदम झकास आहे." "तरी आणा," वहिनी म्हणाल्या. "झकास आहे तेच बघायचंय." घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बोटभर. आमच्याकडे याला अर्धा मार्क कापतात." त्यांना हसू आलं नाही, तेव्हा तो उठून त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवायला लागला. "राहू देत," वहिनी म्हणाल्या. "असू देत तशाच."

सकाळी बारा काचा चौकटीत उभ्या होत्या, प्रत्येक माणसाएवढी. हातमोजे वहिनींना मोठे होते, बोटांची टोकं रिकामी. फळी इतकी अरुंद, की बसल्यावर गुडघे काचेला लागत होते. काचवाल्याने दोन बोटं टेकवून दाखवलं. "इथे धरा. ढकलू नका, ओढू नका. नुसतं लक्ष ठेवल्यासारखं."

सपाट रस्ता संपला. चढ लागला. बावीस वर्षांत वहिनी इंजिनाच्या इतक्या लांब कधी बसल्या नव्हत्या. आवाज कुठूनतरी खालून यायचा, वाऱ्यात फुटून जायचा. ऐकायला काही नव्हतं. फक्त फळी होती, गुडघे होते, आणि काचेत हलणारं स्वतःचं तोंड. खटका नीट बसला होता ना? शेवटी दाबून बघितला होता ना? बघितला होता. दोनदा. की दुसऱ्यांदा बघितला तो दुसऱ्याचा? उतरून बघता येत नव्हतं. हात हलवता येत नव्हता. कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला आणि तिथेच थांबला.

वळण दिसलं. गिअर खाली पडल्याचं पाठीला कळलं. फळी कलली.

एवढीशी. काचवाल्याच्या बायकोने सांगितलं होतं तेवढीही नाही. काचा एका बाजूला टेकल्या. वहिनींनी श्वास धरला.

काचा सरळ झाल्या. गाडी चढत राहिली.

वर दवाखान्याच्या माणसांनी एकेक काच उतरवून घेतली. बारा. शेवटची आत गेल्यावरही वहिनी फळीवरच होत्या. मोज्यातली बोटं उघडत नव्हती.

काचवाल्याची बायको हौद्याशी येऊन उभी राहिली. "वळणावर डोळे मिटलेत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या खिडकीतून बघत होते. डोळे मिटायचे नाहीत. मिटले की हात जोर लावतो."

"बरं."

"पुढून चढ काही खास नाही," ती म्हणाली. तिने डाव्या हाताने वहिनींचा एक मोजा ओढून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही काखेत धरले. "शुक्रवारी टाके निघतात. शनिवारपासून मी बसेन."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "याच गाडीत?"

"मग कुठल्या?" ती म्हणाली. "तोवर दोन खेपा आहेत. उद्या आठला निघायचं. आणि स्वतःच्या मापाचे मोजे आणा."